नेटवर्क स्विच बाजारपेठ

नेटवर्क स्विच बाजारपेठ म्हणजे संगणक, सर्व्हर, वायफाय केंद्रे, कॅमेरे, दूरध्वनी संच इत्यादी उपकरणांना एका जाळ्यात जोडणाऱ्या स्विच या यंत्राच्या उत्पादनाची व विक्रीची जागतिक बाजारपेठ होय. १९९० मध्ये सात पोर्टच्या इथरनेट स्विचपासून तिचा प्रारंभ झाला. आयडीसी या बाजार-संशोधन संस्थेच्या गणनेनुसार २०२३ मध्ये इथरनेट स्विचची जागतिक विक्री सुमारे ४४ अब्ज डॉलर इतकी झाली. आधीच्या वर्षाच्या तुलनेत ही वाढ सुमारे २० टक्के होती.

या बाजारपेठेची वाढ सरळ रेषेत झालेली नाही. वेगाची नवी पिढी आली की मागणी उसळते, आणि ग्राहकांकडे साठा झाला की ती घसरते, असा क्रम अनेकदा दिसून आला आहे. २०१० च्या दशकात वाढीचे केंद्र कार्यालयांकडून डेटा सेंटरकडे सरकले आणि २०२३ नंतर कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारलेल्या संगणक-समूहांमुळे ते आणखी बदलले. त्यामुळे एखाद्या वर्षातील विक्रीचा आकडा आणि जाळ्यांची प्रत्यक्ष गरज या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून पाहाव्या लागतात.

स्विचचे कार्य

जाळ्यातील प्रत्येक उपकरणाला एक भौतिक पत्ता असतो. कोणत्या पोर्टवर कोणत्या पत्त्याचे उपकरण आहे याची नोंद स्विच ठेवतो आणि आलेली माहितीची चौकट फक्त संबंधित पोर्टवरच पाठवतो. त्याआधीचे हब हे यंत्र आलेला प्रत्येक संदेश सर्व पोर्टवर पाठवत असे. परिणामी सर्व उपकरणांना एकच वाहिनी वाटून घ्यावी लागे आणि दोघांनी एकाच वेळी संदेश पाठवल्यास टक्कर होई. स्विचमुळे प्रत्येक जोडणीला स्वतंत्र क्षमता मिळाली.

व्यापाराच्या दृष्टीने स्विचचे दोन मोठे विभाग मानले जातात. कार्यालये, महाविद्यालये, रुग्णालये, कारखाने यांत वापरले जाणारे स्विच कॅम्पस विभागात मोडतात. दुसरा विभाग डेटा सेंटरचा असून त्यात सर्व्हरना परस्परांशी जोडणाऱ्या अतिवेगवान स्विचचा समावेश होतो. कॅम्पस विभागात पोर्टची संख्या मोठी, पण प्रत्येक पोर्टचा वेग तुलनेने कमी असतो. डेटा सेंटरमध्ये याउलट स्थिती असते. खरेदीदारांतही फरक आहे. कॅम्पस विभागात लाखो लहान-मोठे ग्राहक आहेत, तर डेटा सेंटर विभागातील खरेदीचा फार मोठा भाग मोजक्या क्लाउड कंपन्यांच्या हाती आहे.

इतिहास

हबकडून स्विचकडे

इथरनेट हे तंत्र १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी विकसित केले. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने त्याचे ८०२.३ हे मानक १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. मानक खुले असल्याने कोणत्याही कंपनीचे उपकरण दुसऱ्या कंपनीच्या उपकरणाशी जोडता येऊ लागले. किमती खाली येण्यामागे आणि इथरनेट सर्वत्र पसरण्यामागे हे महत्त्वाचे कारण होते.

पहिला व्यापारी इथरनेट स्विच सिलिकॉन व्हॅलीतील कल्पना या कंपनीने १९९० मध्ये बाजारात आणला. भारतीय वंशाचे उद्योजक विनोद भारद्वाज हे तिच्या संस्थापकांपैकी एक होते आणि कंपनीचे नाव त्यांच्या पत्नीच्या नावावरून ठेवले होते. त्या काळात सिस्को ही प्रामुख्याने राउटर बनवणारी कंपनी होती. स्विचमुळे राउटरची मागणी कमी होऊ शकते हे ध्यानात आल्यावर तिने या क्षेत्रातील कंपन्या विकत घेण्यास सुरुवात केली. १९९३ मध्ये क्रेसेंडो, १९९४ मध्ये कल्पना आणि १९९५ मध्ये ग्रँड जंक्शन या कंपन्या तिने घेतल्या. सिस्कोच्या कॅटलिस्ट या मालिकेचा पाया यातूनच घातला गेला. पुढे अनेक वर्षे जागतिक विक्रीतील निम्म्याहून अधिक वाटा एकट्या सिस्कोकडे होता.

याच काळात आयबीएमचे टोकन रिंग, एफडीडीआय आणि एटीएम ही तंत्रे इथरनेटशी स्पर्धा करत होती. यांपैकी काहींचे तांत्रिक गुण सरस मानले जात. परंतु इथरनेटची उपकरणे स्वस्त होती आणि नव्या वेगाकडे जाताना जुनी व्यवस्था टाकून द्यावी लागत नव्हती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कार्यालयीन जाळ्यांत इथरनेटचे वर्चस्व प्रस्थापित झाले.

वेगाच्या पिढ्या

बाजारपेठेतील खरेदीची लय बऱ्याच अंशी मानकांच्या कालक्रमाने ठरत आली आहे. आयईईईने मान्य केलेले प्रमुख वेग पुढीलप्रमाणे आहेत.

१९८३ : १० मेगाबिट प्रति सेकंद
१९९५ : १०० मेगाबिट
१९९८ : १ गिगाबिट
२००२ : १० गिगाबिट
२०१० : ४० व १०० गिगाबिट
२०१७ : २०० व ४०० गिगाबिट
२०२४ : ८०० गिगाबिट

मानक मंजूर होताच नवा वेग सर्वत्र पोहोचत नाही. प्रारंभी त्याचे पोर्ट महाग असतात आणि ते जाळ्याच्या गाभ्यातच वापरले जातात. चिपचे उत्पादन वाढून किमती उतरल्यावर तो वेग कडेच्या उपकरणांपर्यंत जातो. बहुसंख्य कार्यालयांत टेबलापर्यंत येणारी जोडणी अजूनही १ गिगाबिटचीच आहे, कारण सामान्य कामासाठी ती पुरते. कॅम्पस विभागाची वाढ मंद राहण्याचे हे एक कारण होय. या विभागात अलीकडे जी वाढ झाली, तिच्यामागे वायफाय व विद्युतपुरवठा हे दोन घटक आहेत. वायफायच्या नव्या पिढ्यांना १ गिगाबिटची तार अपुरी पडू लागल्याने २०१६ मध्ये २.५ व ५ गिगाबिटचे मानक आले. तसेच पॉवर ओव्हर इथरनेट या २००३ मध्ये मान्य झालेल्या पद्धतीमुळे एकाच तारेतून माहिती आणि वीज दोन्ही देता येऊ लागली. पाळतीचे कॅमेरे, इंटरनेट दूरध्वनी आणि वायफाय केंद्रे बसवताना वेगळी वीजजोडणी करावी लागत नसल्याने अशा स्विचना मागणी वाढली.

२००० ची तेजी व २००१ ची मंदी

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंटरनेट कंपन्या व दूरसंचार कंपन्या यांनी नेटवर्क उपकरणांची प्रचंड खरेदी केली. मार्च २००० मध्ये सिस्कोचे बाजारमूल्य ५०० अब्ज डॉलरच्या पुढे गेले आणि काही काळ ती जगातील सर्वाधिक मूल्याची कंपनी ठरली. माल मिळण्यास विलंब होत असल्याने अनेक ग्राहकांनी गरजेपेक्षा अधिक, तर काहींनी एकाच गरजेसाठी अनेक पुरवठादारांकडे मागणी नोंदवली. ही नोंदणी खरी मागणी समजून कारखान्यांनी उत्पादन वाढवले. इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटल्यावर मागण्या रद्द झाल्या. २००१ मध्ये सिस्कोला सुमारे २.२ अब्ज डॉलरचा न खपलेला साठा तोटा म्हणून दाखवावा लागला. तिचे उत्पन्न २००१ या आर्थिक वर्षातील सुमारे २२.३ अब्ज डॉलरवरून पुढच्या वर्षी सुमारे १८.९ अब्ज डॉलरवर आले. याच काळात बंद पडलेल्या कंपन्यांचे जवळजवळ नवे स्विच व राउटर कमी किमतीत बाजारात आले आणि नव्या मालाची मागणी आणखी घटली.

डेटा सेंटरचा उदय

जाळ्याच्या रचनेतील बदल

पूर्वी डेटा सेंटरमधील बहुतांश माहिती सर्व्हरकडून बाहेरच्या ग्राहकाकडे जात असे. शोधयंत्रे, सामाजिक माध्यमे व क्लाउड सेवा यांच्यामुळे एका विनंतीसाठी शेकडो सर्व्हर परस्परांशी बोलू लागले. त्यामुळे मध्यभागी एक-दोन मोठे, महागडे स्विच ठेवण्याची जुनी रचना अपुरी ठरली. तिच्या जागी अनेक समान, लहान स्विच थरांमध्ये जोडण्याची रचना आली. तिचे गणिती मूळ बेल प्रयोगशाळेतील चार्ल्स क्लोस यांनी १९५३ मध्ये दूरध्वनी केंद्रांसाठी मांडलेल्या संकल्पनेत आहे.

या रचनेमुळे स्विचची संख्या कशी वाढते हे एका उदाहरणावरून स्पष्ट होते. प्रत्येक स्विचला ६४ पोर्ट असून कोठेही क्षमता कमी पडू द्यायची नाही असे धरल्यास, खालच्या थरातील स्विच ३२ पोर्ट सर्व्हरना आणि ३२ पोर्ट वरच्या थराला देतो. दोन थरांत असे ६४ स्विच खाली व ३२ वर, म्हणजे एकूण ९६ स्विच लागतात आणि २,०४८ सर्व्हर जोडले जातात. तीन थर केल्यास ६५,५३६ सर्व्हर जोडता येतात, पण त्यासाठी ५,१२० स्विच लागतात. सर्व्हरची संख्या ३२ पट होते, तर स्विचची संख्या सुमारे ५३ पट होते. मोठ्या डेटा सेंटरमध्ये स्विचची मागणी सर्व्हरपेक्षा जलद वाढण्याचे कारण हे आहे. प्रत्यक्षात खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी अनेक ठिकाणी वरच्या थरांची क्षमता हेतुपुरस्सर कमी ठेवली जाते.

चिप व सॉफ्टवेअर यांची फारकत

गूगलने २००० च्या दशकाच्या मध्यापासून स्वतःचे स्विच तयार करण्यास सुरुवात केली आणि त्यांची माहिती २०१५ मध्ये शोधनिबंधातून प्रसिद्ध केली. फेसबुकने २०१४ मध्ये वेज हा स्विच जाहीर करून त्याचा आराखडा ओपन कॉम्प्युट प्रकल्पाद्वारे खुला केला. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये सॉनिक ही स्विचसाठीची कार्यप्रणाली मुक्त स्रोत म्हणून दिली. २०२२ मध्ये तिची जबाबदारी लिनक्स फाउंडेशनकडे गेली. अशा ग्राहकांसाठी तैवानमधील ॲक्टन व क्वांटा यांसारख्या कंपन्या नाममुद्रा नसलेले स्विच बनवतात.

हे शक्य झाले ते तयार चिप बाजारात मिळू लागल्यामुळे. ब्रॉडकॉमच्या टोमाहॉक या मालिकेतील पहिल्या चिपची क्षमता २०१४ मध्ये ३.२ टेराबिट प्रति सेकंद होती. २०१९ मध्ये ती २५.६, २०२२ मध्ये ५१.२ आणि २०२५ मध्ये १०२.४ टेराबिट झाली. म्हणजे सुमारे अकरा वर्षांत एका चिपची क्षमता ३२ पट झाली. ५१.२ टेराबिटची एक चिप ८०० गिगाबिटचे ६४ पोर्ट चालवू शकते. क्षमता वाढत असताना प्रत्येक गिगाबिटमागील किंमत उतरत गेली आणि नफ्याचा मोठा भाग पेटी जुळवणाऱ्या कंपनीकडून चिप व सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे वळला. सिस्कोनेही २०१९ मध्ये सिलिकॉन वन ही चिपमालिका जाहीर केली आणि पुढे ती इतर कंपन्यांना विकण्यास सुरुवात केली.

या बदलाचा सर्वाधिक लाभ मिळालेल्या कंपन्यांत अरिस्टा नेटवर्क्स ही आहे. २००४ मध्ये स्थापन झालेल्या आणि २००८ पासून जयश्री उल्लाल यांच्या नेतृत्वाखालील या कंपनीने तयार चिप वापरून सर्व भर सॉफ्टवेअरवर दिला. तिचे वार्षिक उत्पन्न २०१४ मधील सुमारे ५८ कोटी डॉलरवरून २०२४ मध्ये सुमारे ७ अब्ज डॉलरवर पोहोचले. सिस्कोने तिच्यावर डिसेंबर २०१४ मध्ये भरलेले स्वामित्वहक्काचे दावे २०१८ मध्ये तडजोडीने मिटले. त्यासाठी अरिस्टाने ४० कोटी डॉलर दिले.

महासाथीनंतरचा चढउतार

कोविड-१९ च्या महासाथीत चिपचा जागतिक तुटवडा निर्माण झाला. २०२१ व २०२२ मध्ये अनेक प्रकारच्या स्विचसाठी ग्राहकांना कित्येक महिने, काही वेळा वर्षभर वाट पाहावी लागली. त्यामुळे पुढील दोन-तीन वर्षांच्या मागण्या आधीच नोंदवण्याची प्रवृत्ती वाढली. २०२३ मध्ये पुरवठा सुरळीत झाल्यावर साचलेला माल एकदम ग्राहकांकडे पोहोचला. त्या वर्षीच्या उच्चांकी विक्रीत आधीच्या वर्षांच्या मागणीचा मोठा भाग होता.

पुढच्या वर्षी याची उलट बाजू दिसली. ग्राहक मिळालेला माल बसवण्यात गुंतल्याने नव्या मागण्या थांबल्या. सिस्कोचे उत्पन्न जुलै २०२४ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात सुमारे ५७ अब्ज डॉलरवरून ५३.८ अब्ज डॉलरपर्यंत घसरले. २००१ प्रमाणे या वेळी ग्राहक कंपन्या बुडाल्या नाहीत, म्हणून घसरण तुलनेने सौम्य राहिली. तथापि टंचाईच्या भीतीने नोंदवलेली मागणी आणि प्रत्यक्ष गरज यांतील तफावत दोन्ही वेळा सारख्याच पद्धतीने निर्माण झाली. २०२४ मध्ये कॅम्पस विभाग घटत असताना डेटा सेंटर विभाग मात्र वाढत राहिला.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रभाव

मोठी भाषिक प्रारूपे प्रशिक्षित करताना हजारो ग्राफिक्स प्रोसेसर एकच गणित वाटून घेतात आणि ठरावीक टप्प्यांवर आपली उत्तरे परस्परांना पाठवतात. एका जोडणीला विलंब झाला तरी सर्व प्रोसेसर खोळंबतात. प्रोसेसर अत्यंत महाग असल्याने त्यांचा रिकामा वेळ वाचवण्यासाठी अधिक वेगवान स्विचवर खर्च करणे परवडते. अशा समूहांत प्रोसेसरना जोडणारे स्वतंत्र जाळे उभारले जाते. ते नेहमीच्या सर्व्हर-जाळ्याव्यतिरिक्त असते. ८०० गिगाबिट पोर्टची मागणी प्रामुख्याने येथून आली.

प्रारंभी या कामासाठी इन्फिनिबँड हे तंत्र आघाडीवर होते. त्याची प्रमुख उत्पादक मेलानॉक्स ही इस्रायली कंपनी एनव्हिडियाने २०२० मध्ये ताब्यात घेतली. एकाच कंपनीवर अवलंबून राहावे लागू नये म्हणून एएमडी, अरिस्टा, ब्रॉडकॉम, सिस्को, इंटेल, मेटा, मायक्रोसॉफ्ट इत्यादी कंपन्यांनी जुलै २०२३ मध्ये अल्ट्रा इथरनेट कन्सॉर्शियमची स्थापना केली. स्वतः एनव्हिडियानेही २०२३ मध्ये स्पेक्ट्रम-एक्स ही इथरनेट प्रणाली आणली. मेटाने मार्च २०२४ मध्ये प्रत्येकी २४,५७६ प्रोसेसरच्या दोन समूहांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी एक इथरनेटवर, तर दुसरा इन्फिनिबँडवर आधारित होता. योग्य रचना केल्यास इथरनेटही या कामास पुरे पडते, हे त्यातून दिसून आले.

कंपन्यांच्या विलीनीकरणालाही या काळात वेग आला. ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइझने जानेवारी २०२४ मध्ये सुमारे १४ अब्ज डॉलरला ज्युनिपर नेटवर्क्स घेण्याची घोषणा केली आणि हा व्यवहार जुलै २०२५ मध्ये पूर्ण झाला. चीनच्या बाजारपेठेत ह्वावे व एच३सी या स्थानिक कंपन्यांचे वर्चस्व आहे. अमेरिकेने मे २०१९ मध्ये ह्वावेवर व्यापारी निर्बंध घातल्यानंतर चिनी आणि पाश्चात्त्य बाजारपेठांतील अंतर वाढले.

भारत

भारतातील मागणी दीर्घकाळ बँका, सरकारी कार्यालये, माहिती तंत्रज्ञान कंपन्या व शिक्षणसंस्था यांच्याकडून येत होती. २०१५ नंतर त्यात डेटा सेंटरची भर पडली. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत क्लाउड सेवेची केंद्रे सुरू केली. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने देयक व्यवहारांची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश दिल्याने या प्रक्रियेला गती मिळाली. समुद्राखालून येणाऱ्या केबल, वीजपुरवठा आणि वित्तसंस्थांचे सान्निध्य यांमुळे मुंबई व नवी मुंबई हा देशातील सर्वांत मोठा डेटा सेंटर पट्टा बनला आहे. ऐरोली, महापे, रबाळे व पनवेल ही त्यातील प्रमुख ठिकाणे होत.

स्विचचा पुरवठा मात्र प्रामुख्याने परदेशी कंपन्यांकडून होतो. लहान कार्यालयांसाठीच्या उपकरणांच्या व्यवसायात गोव्यातील वेर्णा येथील स्मार्टलिंक व डी-लिंक इंडिया या कंपन्यांचे स्थान आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये दूरसंचार व नेटवर्क उपकरणांसाठी १२,१९५ कोटी रुपयांची उत्पादनाधारित प्रोत्साहन योजना जाहीर केली. सिस्कोने सप्टेंबर २०२४ मध्ये चेन्नईजवळ कंत्राटी भागीदारामार्फत उत्पादन सुरू केले. तथापि स्विचमधील सर्वांत मूल्यवान घटक असलेली चिप आयात करावी लागते. त्यामुळे देशात जुळणी वाढली तरी मूल्यवृद्धीचा मोठा भाग बाहेरच राहतो.

आकडेवारी समजून घेताना

बाजारपेठेच्या आकाराबाबत विविध संस्थांचे अंदाज परस्परांपासून बरेच भिन्न असतात. काही संस्था फक्त इथरनेट स्विच मोजतात, तर काही त्यात इन्फिनिबँड, राउटर, सॉफ्टवेअर परवाने किंवा देखभाल करार धरतात. क्लाउड कंपन्यांनी थेट उत्पादकाकडून घेतलेले नाममुद्राविरहित स्विच मोजले आहेत की नाहीत, यानेही आकडा बदलतो.

विक्रीची रक्कम, पोर्टची संख्या आणि एकूण क्षमता ही तीन मापे नेहमी एकाच दिशेने जात नाहीत. किंमत उतरत असल्याने क्षमता दुप्पट होऊनही रक्कम थोडीच वाढू शकते. याउलट महागड्या नव्या पोर्टमुळे संख्या न वाढताही रक्कम वाढू शकते. तसेच विक्रीची नोंद माल पाठवल्यावर होते, गरज निर्माण झाल्यावर नव्हे. म्हणून २०२३ सारख्या एका वर्षाचा वाढीचा दर घेऊन तो पुढील दशकासाठी वापरल्यास निष्कर्ष चुकण्याचा संभव असतो.

मर्यादा व आव्हाने

डेटा सेंटर विभागाची वाढ थोड्या कंपन्यांच्या भांडवली खर्चावर उभी आहे. त्यांच्यापैकी एकीने जरी नियोजन बदलले, तरी पुरवठादारांच्या उत्पन्नावर लगेच परिणाम होतो. अतिवेगवान चिपचे उत्पादन मुख्यतः तैवानमधील कारखान्यांत होत असल्याने तेथील राजकीय स्थितीचाही धोका संभवतो. वीज ही तिसरी अडचण आहे. वेग वाढतो तसा स्विचचा आणि विशेषतः प्रकाशीय जोडणीचा वीजवापर वाढतो. तो कमी करण्यासाठी प्रकाशीय भाग चिपच्या अगदी शेजारी बसवण्याचे तंत्र विकसित केले जात आहे. कॅम्पस विभागात जुने स्विच अनेक वर्षे चालत राहतात. त्यांच्यासाठी सुरक्षा दुरुस्त्या मिळणे बंद झाले तरी खर्चामुळे ते बदलले जात नाहीत. शाळा, लहान रुग्णालये व स्थानिक संस्था यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर ठरतो, कारण बाजारपेठेतील वाढ मुख्यतः ज्या प्रकारच्या उपकरणांत होत आहे, ती त्यांच्या गरजेची नसतात.